प्रतिजैविक अधिक निलगिरी : बेरीज तपासून पाहू

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नेहमीचे ज्वालामुखी, पवनचक्क्या आणि ठिबक सिंचनाच्या प्रतिकृती यांच्या रांगेत एक वेगळा तक्ता होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'कोंबड्यांच्या श्वसनरोगावर प्रतिजैविक व वनौषधी तेल यांचा संयुक्त परिणाम'. तक्ता नववीतल्या एका मुलीचा होता. तिच्या वडिलांची ब्रॉयलरची शेड आहे. मी तक्ता वरवर वाचला, "तुलनागट कुठे आहे?" असे विचारले, ती गप्प राहिली आणि मी पुढच्या टेबलाकडे वळलो. असा प्रश्न विचारला की परीक्षकाला आपले काम झाल्यासारखे वाटते.

महिन्यापूर्वी तिच्या विज्ञान शिक्षकांचे पत्र आले. सोबत मुलीची मूळ नोंदवही आणि शेडवर येणाऱ्या औषध विक्रेत्याने दिलेले एक माहितीपत्रक. पत्रात त्यांनी लिहिले होते, "सर, 'तुलनागट नाही' एवढ्याने आमचे समाधान झाले नाही. या पत्रकात तर परदेशी विद्यापीठांची नावे आहेत. मग त्यांचे बरोबर आणि आमचे चूक, असे आहे काय? नेमके काय चुकले ते लिहा." तक्रार रास्त आहे. म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर करतो. ते त्या मुलीच्या वहीपुरते नाही. पत्रकाचेही आहे आणि ज्या धर्तीच्या शोधनिबंधांचा आधार घेऊन अशी पत्रके छापली जातात, त्यांचेही आहे.

पत्रकातले दावे तीन. तेल मिसळले तर प्रतिजैविकाची मात्रा निम्मी पुरते, गुण दुप्पट येतो आणि तेल वनस्पतिजन्य असल्याने दुष्परिणाम काही नाहीत. शिवाय 'हजारो वर्षांची भारतीय परंपरा' हे पालुपद आहेच. तेवढे आधी निकालात काढू. पत्रकातले मुख्य तेल निलगिरीचे आहे. हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातला. एकोणिसाव्या शतकात तो निलगिरी पर्वतात लावला गेला आणि पर्वताचेच नाव त्याला चिकटले. चरक-सुश्रुतांनी तो पाहिला असणे शक्य नाही. यामुळे तेल निरुपयोगी ठरत नाही, पण पत्रक लिहिणाऱ्याने किती तपास केला होता ते कळते.

आता रोगाकडे वळू. शेडमध्ये रात्री दिवे मंद केल्यावर कान दिला तर आजारी कळपातून एक ओली घरघर ऐकू येते. अधूनमधून शिंका येतात, नाकपुड्यांशी चिकट स्राव दिसतो, खाद्य कमी जाते आणि वजन अडते. पोल्ट्रीवाले याला सरसकट 'सीआरडी' म्हणतात, म्हणजे जुनाट श्वसनरोग. त्याच्या मुळाशी बहुधा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा अतिसूक्ष्म जिवाणू असतो. मात्र तो एकटा क्वचितच थांबतो. त्याने श्वासनलिकेचे अस्तर दुखावले की मागून ई. कोलाय शिरतो. कधी आधीच संसर्गजन्य ब्राँकायटिसचा विषाणू येऊन गेलेला असतो, कधी मानमोडीचा. (मानमोडीला राणीखेत असेही नाव आहे, कारण १९२० च्या दशकात कुमाऊँमधील त्या गावी साथ आली होती. त्याच दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसलला आणि जावा बेटातही ती आढळली, म्हणून जगात इतरत्र न्यूकॅसलचे नाव रूढ झाले.) म्हणजे एकच घरघर, पण कारणे तीन-चार. त्यांतल्या विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. त्यामुळे कोणत्याही प्रयोगाला पहिला प्रश्न हा विचारावा लागतो की रोग नेमका कोणता होता आणि तो कशावरून ठरवला? पत्रकात याचे उत्तर नाही. मुलीच्या वहीत निदान 'डॉक्टरांनी सीआरडी सांगितले' एवढी नोंद आहे.

पक्ष्यांचे श्वसन आपल्यासारखे नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. कोंबडीला श्वासपटल नसते. फुप्फुसे फुग्यासारखी फुगत नाहीत. ती जवळजवळ ताठर असतात आणि त्यांच्यातून हवा एकाच दिशेने वाहते. ही हवा ढकलण्याचे काम शरीरभर पसरलेल्या पातळ भिंतींच्या हवापिशव्या भात्यासारख्या करतात. या पिशव्यांना रक्तपुरवठा अगदी तोकडा असतो. रोग तिथे पोचला की पिशव्या गढूळ होतात, आत पिवळसर दह्यासारखा साका धरतो आणि रक्तातून येणारे औषध तिथे पुरेसे पोचत नाही. पोल्ट्रीतल्या श्वसनरोगावरचे उपचार इतके निराशाजनक का ठरतात, याचे निम्मे उत्तर या रचनेत आहे.

प्रतिजैविकाला तेलाची जोड द्यावी ही कल्पना मुळात वेडगळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. आपल्या घरातल्या ओव्याचेच पाहा. त्याचा तिखट वास मुख्यतः थायमॉल या रसायनाचा आहे. 'ओव्याचे फूल' म्हणून मिळणारे स्फटिक म्हणजे हेच. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकत्र ठेवले की तिन्ही घन पदार्थ एकमेकांत विरघळून पाण्यासारखे पातळ होतात. हीच ती अमृतधारा. (वर्गात दाखवण्याजोगा प्रयोग आहे, मुले चकित होतात.) थायमॉल आणि त्याच्या जातीची रसायने जिवाणूच्या पेशीपटलात शिरतात, पटल गळके होते आणि आतले क्षार बाहेर झिरपतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसतेच, नुसते पटल असते. म्हणूनच पेशीभित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन त्याच्यावर निरुपयोगी ठरते आणि टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रथिननिर्मिती रोखणारी औषधे वापरावी लागतात. तेव्हा पटल कमकुवत करणारे तेल आणि आत शिरून प्रथिननिर्मिती बंद पाडणारे प्रतिजैविक यांची जोडी जमावी, हा तर्क कागदावर सुरेख आहे.

त्याला काळाचीही गरज मिळाली. जनावरांना वाढीसाठी सतत थोडे थोडे प्रतिजैविक चारण्याने प्रतिरोधी जिवाणू तयार होतात, असा इशारा ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ सालीच दिला होता. डेन्मार्कने १९९५ मध्ये ॲव्होपार्सिनवर बंदी घातली. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके चारणे पूर्ण थांबले. भारताने २०१९ च्या जुलैमध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास मनाई केली, कारण माणसांच्या रुग्णालयात ते शेवटच्या काही अस्त्रांपैकी एक आहे. दरवाजे असे एकेक बंद होऊ लागल्यावर संशोधक आणि व्यापारी दोघेही तेलांकडे वळले, यात नवल नाही.

आता दाव्याच्या गाभ्याला हात घालू. 'दोन औषधे एकत्र दिली आणि गुण जास्त आला' यात विशेष काही नाही. एक गाडी दोन बैल ओढतात तेव्हा ती एका बैलापेक्षा जास्त ओढली जाते. ही झाली बेरीज. दाव्यात म्हटली आहे ती सहक्रिया, म्हणजे बेरजेपेक्षा अधिक काही. ती ओळखायची कशी? प्रयोगशाळेत प्रत्येक औषधाची किमान रोधक मात्रा काढतात. जिवाणूची वाढ जेमतेम थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे ही मात्रा. समजा, प्रतिजैविकाची मात्रा ८ एकके आली आणि तेलाची १०००. मग दोन्हींची वेगवेगळ्या प्रमाणांत मिश्रणे करून पाहतात. समजा, प्रतिजैविक २ आणि तेल २५० या मिश्रणात वाढ थांबली. प्रतिजैविकाचा आपल्या मात्रेच्या पाव हिस्सा लागला आणि तेलाचाही पाव. पाव अधिक पाव म्हणजे अर्धा. हा झाला त्या जोडीचा निर्देशांक, ०.५.

हा अंक समजून घेण्याची एक गमतीदार युक्ती आहे. एकच औषध दोन बाटल्यांत भरा आणि बाटल्यांना दोन नावे द्या. आता 'दोन औषधांची' जोडी तपासा. पहिल्या बाटलीतला अर्धा हिस्सा आणि दुसरीतला अर्धा हिस्सा मिळून वाढ थांबणारच. निर्देशांक आला १. औषध स्वतःशीच सहक्रिया करू शकत नाही. तेव्हा १ ही 'काही विशेष घडले नाही' याची खूण झाली. मग ०.९ किंवा ०.७ आला तर? इथेच बहुतेक घोटाळा आहे. या पद्धतीत प्रत्येक नळीतली तीव्रता मागच्या नळीच्या निम्मी असते. एका नळीचा इकडे-तिकडे फरक हा नेहमीचाच. म्हणजे मोजमापातच दुपटी-निमपटीची ढिलाई आहे. म्हणून फ्रँक ऑड्स यांनी २००३ साली एका नामांकित नियतकालिकातून आग्रह धरला की, ०.५ किंवा त्याहून कमी असेल तरच सहक्रिया म्हणा, ४ च्या वर गेला तर विरोध म्हणा आणि मधल्या साऱ्या पट्ट्यात 'परस्परक्रिया दिसली नाही' एवढेच लिहा. तेलांवरचे निबंध चाळले तर ०.७५ ला 'आंशिक सहक्रिया' म्हणणारे पुष्कळ भेटतात. शब्द नवा आहे, पण त्याचा अर्थ काहीच सांगता येत नाही असाच होतो. पत्रकापर्यंत येता येता 'आंशिक' हा शब्दही गळतो.

काही ठिकाणी एवढेही कष्ट घेतलेले नसतात. आगराच्या बशीत जिवाणू पसरायचे, त्यावर प्रतिजैविकाची चकती, तेलाची चकती आणि दोन्हींची चकती ठेवायची आणि भोवतीची स्वच्छ वर्तुळे पट्टीने मोजायची, हीच सर्वांत लोकप्रिय पद्धत. चित्र छान येते. पण तेल पाण्यात विरघळत नाही आणि आगर म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे तेल आगरातून नीट पसरत नाही आणि वर्तुळाच्या आकारावरून त्याची ताकद कळत नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की ही तेले उडून जाणारी आहेत. त्यांची वाफ झाकणाखालच्या हवेतून शेजारच्या चकतीपर्यंत जाते. ज्या चकतीला 'नुसते प्रतिजैविक' म्हणून आपण मोजतो, तिच्या डोक्यावरही तेलाचा ढग असतो. एकाच बशीत ठेवलेल्या तीन चकत्या या तीन वेगळ्या कसोट्या नव्हेतच.

समजा, प्रयोगशाळेतले सगळे नेटके झाले, निर्देशांक ०.३ आला. तरी ती नळी होती, कोंबडी नव्हे. प्रतिजैविकाला न जुमानणारा नसेल तर मायकोप्लाझ्मा टायलोसिनच्या मिलीलिटरला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेला दबतो. थायमॉलसारख्या रसायनांची जिवाणूंवरची रोधक मात्रा मात्र साधारणपणे मिलीलिटरला शेकडो मायक्रोग्रॅम असते. पाण्यातून पाजलेले तेल आतड्यातून शोषले जाते, पण शरीर त्याला लगेच गंधक किंवा शर्करेच्या रेणूला बांधून बाहेर टाकण्याच्या मागे लागते. त्या तोकड्या रक्तपुरवठ्याच्या हवापिशवीत शेकडो मायक्रोग्रॅमची तीव्रता उभी राहील कशी? आतड्यातल्या जिवाणूंबाबत गोष्ट वेगळी, तिथे तेल सरळच पोचते. श्वसनमार्गासाठी मात्र नळीतली सहक्रिया कोंबडीत उतरते असे म्हणणाऱ्याने हवापिशवीतले तेल मोजून दाखवले पाहिजे. असे मोजमाप दिलेले निबंध फार थोडे भेटतात.

यावर कोणी म्हणेल की, पण कोंबड्यांना गुण येतो त्याचे काय? येत असेलही. लेबननमध्ये बेरूत येथील अमेरिकन विद्यापीठात एली बारबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात निलगिरी आणि पुदिन्याच्या तेलांचे मिश्रण ब्रॉयलरना देऊन श्वासनलिकेच्या अस्तराचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मायकोप्लाझ्मा किंवा एच-९-एन-२ विषाणू टोचलेल्या पक्ष्यांत तेलामुळे इजा कमी दिसल्याचे त्यांनी नोंदवले. हे काम मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यांनी नुसत्या घरघरीवर न थांबता ऊती पाहिल्या. पण लक्षात घ्या, यातून निघते ते एवढेच की तेलाने अस्तराला कदाचित आधार मिळतो. स्राव पातळ होऊन सुटत असेल, दाह उतरत असेल. तेलाने जिवाणू मेले किंवा प्रतिजैविकाची धार वाढली, हे त्यातून निघत नाही. आणि प्रतिजैविक निम्मे करा, हे तर मुळीच निघत नाही.

घरघरीच्या मोजणीबद्दल मला एक वेगळी शंका आहे. आपल्याला सर्दी झाली की आई गरम पाण्यात निलगिरीचे चार थेंब टाकून वाफ घ्यायला लावते आणि नाक मोकळे वाटते. पण खरेच मोकळे होते का? १९८० च्या दशकात कार्डिफमध्ये रॉन एकल्स यांनी मेन्थॉल हुंगवून नाकातून वाहणाऱ्या हवेचा अवरोध मोजला. अवरोधात फरक पडला नाही, पण माणसे मात्र मोकळे वाटते म्हणाली! मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते. कोंबडीतही हा थंडीचा ग्राही असतो आणि मेन्थॉलला प्रतिसाद देतो. (मिरचीचे तसे नाही. पक्ष्यांच्या ग्राहीवर मिरचीतले कॅप्सेसिन काम करत नाही, याचे रेणवीय कारण २००२ मध्ये सापडले. म्हणून पोपट मिरची खुशाल खातो.) मग शिंका आणि खोकल्यासारखे आवाज जर या तंतूंच्या चाळवण्यातून येत असतील, तर तेलाने आवाज कमी होऊ शकतात आणि हवापिशवीतला साका तसाच राहू शकतो. पक्ष्याला आराम पडत असेल तर तेही चांगलेच आहे. पण आवाज घटला म्हणून औषध लवकर बंद केले तर तो आराम महागात पडेल. त्यामुळे अशा प्रयोगात आवाजांच्या जोडीला शेवटी काही पक्षी उघडून हवापिशव्या पाहणे अपरिहार्य ठरते. तेही कोणता पक्षी कुठल्या गटातला हे पाहणाऱ्याला माहीत नसताना.

आणि इथेच तेलांच्या प्रयोगातली सर्वांत अवघड अडचण येते. वास लपत नाही. शेडमध्ये पाऊल टाकताच कोणत्या गटाला तेल दिले आहे ते नाकाला कळते आणि मोजणाऱ्याचा कान आपोआप त्या बाजूला झुकतो. दुसरे, पक्ष्यांच्या पाण्याचे. आजारी कोंबडी पाणी कमी पिते. पाण्यातूनच प्रतिजैविक जाते, म्हणजे ज्याला औषध सर्वांत जास्त हवे त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. आता त्या पाण्यात उग्र वासाचे तेल पडले. पक्षी जास्त पाणी पिऊ लागले की कमी, हे मोजल्याशिवाय तेलाचा परिणाम कशाचा ते सांगता येणार नाही. कदाचित तेलाने नुसते पाणी जास्त प्यायला लावले आणि गुण आला तो वाढीव प्रतिजैविकाचा! रोजचे पाणी लिटरमध्ये मोजणे फार सोपे काम आहे. तरीही प्रयोगांच्या वर्णनात ते बऱ्याचदा गायब असते.

गट किती हवेत? नुसते प्रतिजैविक आणि प्रतिजैविक अधिक तेल, असे दोनच गट घेतले तर 'तेलाने भर पडली का' एवढेच कळेल. सहक्रियेबद्दल बोलायचे तर चार लागतात : काही नाही, नुसते तेल, नुसते प्रतिजैविक, दोन्ही. शिवाय तेल पाण्यात मिसळण्यासाठी जो साबणासारखा पदार्थ वापरतात तो चारही गटांत हवा, नाहीतर त्याचेच श्रेय तेलाला जाईल. 'नुसते तेल' हा गट बऱ्याच निबंधांत नसतो आणि तो नसताना निष्कर्षात सहक्रिया लिहिलेली असते. चारातले एक घर रिकामे ठेवून बेरीज करण्याचाच हा प्रकार.

आणि शंभर कोंबड्या एका कप्प्यात, शंभर दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे प्रयोग शंभर पक्ष्यांवर झाला का? नाही, एका कप्प्यावर झाला. त्या शंभर जणी एकच हवा घेतात, एकाच नळीचे पाणी पितात, एकमेकींना रोग देतात. भिंतीकडच्या कप्प्यात वारा कमी लागला तर शंभरही एकदम आजारी पडतील. एका वर्गातल्या पन्नास मुलांना एक शिक्षक आणि दुसऱ्या वर्गातल्या पन्नासांना दुसरे शिक्षक शिकवतात, तेव्हा शिक्षकांची तुलना पन्नास वेळा झाली असे आपण म्हणत नाही. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी पर्यावरणशास्त्रातल्या या चुकीला 'आभासी पुनरावृत्ती' अशा अर्थाचे नाव दिले. चाळीस वर्षे उलटली, चूक अजून ठणठणीत आहे.

पत्रकातला 'निम्मी मात्रा' हा दावा मात्र नुसता ढिला नाही, घातक आहे. तेल हवापिशवीत पोचत नसेल तर निम्म्या मात्रेने दिलेले प्रतिजैविक तिथे एकटेच असते, तेही अपुरे. जिवाणूला मारायला अपुरे आणि प्रतिरोधी जिवाणू निवडून काढायला पुरेसे, अशी ही स्थिती. टायलोसिन हे आपल्या एरिथ्रोमायसिनचे भावंड आहे. दोन्ही रायबोझोमच्या जवळजवळ एकाच जागी बसतात, त्यामुळे एकाला चुकवायला शिकलेला जिवाणू पुष्कळदा दुसऱ्यालाही चुकवतो. आणि मायकोप्लाझ्मा पुऱ्या मात्रेनेही कळपातून समूळ जात नाही, नुसता दबतो. तो अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणूनच जिथे त्याच्यावर मात झाली तिथे ती मूळ प्रजननाचे कळप तपासून रोगमुक्त ठेवण्यामुळे झाली.

'वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक' या दाव्याला पोल्ट्रीतलेच एक उदाहरण पुरे. टायमुलिन हे मायकोप्लाझ्मावरचे चांगले औषध. मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही रक्ती हगवणीविरुद्ध खाद्यात मिसळली जाणारी औषधे, त्यांच्या जागी तीही चांगली. पण दोन्ही एकदम पोटात गेली तर टायमुलिन यकृताला मोनेन्सिनची विल्हेवाट लावू देत नाही आणि पक्षी लुळे पडतात, मरतात. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की तिसरी चांगलीच होईल असे नाही, आणि यकृताला रेणू झाडातून आला की कारखान्यातून हे ठाऊक नसते.

आता मुलीची वही. तिने शेडच्या मधोमध पोत्यांचा पडदा लावला होता. दोन्ही बाजूंना डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिजैविक पूर्ण मात्रेत चालू होते, कारण वडिलांची कोंबडी कंत्राटी, एकाही पक्ष्याला विनाऔषध ठेवण्याची मुभा नव्हती. एका बाजूच्या पाण्यात तेल. रोज रात्री दिवे मंद करून ती दहा मिनिटे बसायची आणि घरघर मोजायची. म्हणजे तुलनागट होता! मी ज्याला तुलनागट म्हणत होतो तो विनाऔषधाचा गट तिला घेणे शक्यच नव्हते, आणि घेऊ नयेही, आजारी कळप प्रयोगासाठी तसाच सोडणे योग्य नाही. 'प्रतिजैविकावर तेलाने भर पडते का' हा प्रश्न तिने आपल्या ऐपतीनुसार बरोबर मांडला होता. चुकले होते ते शीर्षक, कारण 'संयुक्त परिणाम' हा शब्द पत्रकातून आला होता. दोन्ही बाजूंची घरघर पाचव्या-सहाव्या दिवशी उतरली. फरक फारसा दिसेना म्हणून तक्त्यावर तिने तेलाच्या बाजूचा चांगला दिवस तेवढा ठळक केला. हे कोणी शिकवले असेल ते मी विचारणार नाही.

पण वहीच्या एका समासात पेन्सिलने एक ओळ आहे : 'पडद्याच्या दोन्ही बाजूंना वास येतो. मग दुसऱ्या बाजूलाही तेल मिळते का?' आगराच्या बशीतल्या वाफेबद्दल मी वर जे लिहिले, ते या मुलीने शेडमध्ये बसून नाकाने शोधले होते. तक्त्यावर ही ओळ नव्हती, आणि वही उघडून पाहण्याची तसदी मी घेतली नाही. त्याच पानावर खाली आणखी एक नोंद आहे की पहाटे पडदे उघडण्याआधी डोळे चुरचुरतात. तो अमोनिया. ओल्या तुसातल्या विष्ठेतून सुटणारा हा वायू हवेत दशलक्षांत पंचवीस भागांच्या घरात राहिला तरी श्वासनलिकेतले, कचरा वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होऊ लागतात. तेलाच्या बाटलीआधी तूस उलथणे आणि पडदे वेळेवर वर करणे, याचा विचार त्या शेडमध्ये व्हायला हवा होता, असे मला वाटते.

शाळेत हा विषय घ्यायचा तर आजारी कोंबडीतले जिवाणू बशीत वाढवू नका, ते धोक्याचे आहे. दही लावा. चार वाट्यांत एकाच पातेल्यातले कोमट दूध, प्रत्येकीत मोजून एक चमचा विरजण. पहिलीत आणखी काही नाही, दुसरीत मीठ, तिसरीत ओव्याचा अर्क, चौथीत दोन्ही. अर्काबरोबर जेवढे पाणी जाते तेवढे पाणी बाकीच्या वाट्यांतही घाला. प्रत्येक वाटी झाका आणि चारही वेगवेगळ्या खोल्यांत, पण सारख्या उबेत ठेवा. का ते आता सांगायला नको. दर अर्ध्या तासाने दही कितपत लागले हे अशा मुलाने पाहावे ज्याला कोणती वाटी कुठली ते ठाऊक नाही. मग त्याच्या लक्षात येईल की ओव्याची वाटी वासावरून ओळखू येते. त्यावर उपाय काय, हे वर्गावर सोपवा. आणि प्रत्येकी एकच वाटी पुरेल का, हा प्रश्न कोणी काढला नाही तर तुम्ही काढा.

शिक्षकांच्या पत्राच्या शेवटी एक विचारणा होती. पुढच्या लॉटला शेजाऱ्यांची शेडही वापरायला मिळते आहे. मधे रस्ता आहे, वास जात नाही. एका शेडमध्ये तेल आणि दुसऱ्यात नाही, असे केले तर चालेल का? मी कळवले आहे की पिल्ले एकाच हॅचरीतून एकाच दिवशी उतरलेली पाहा, दोन्हीकडचे पाणी रोज मोजा आणि त्याच्या पुढच्या लॉटला तेल दुसऱ्या शेडमध्ये द्या. वही मात्र या वेळी मला आधी पाठवा.